गाडीचं अभ्यंगस्नान आणि अडीच लिटर जुनं तेल

तंजावरात खंडेनवमीला गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवतात. इथे त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. गाडी धुवायची, चंदनकुंकवाचे टिळे लावायचे, पुढच्या बाजूला केळीची रोपं बांधायची, कोहळा फोडायचा आणि मग गाडी हळूच पुढे घेऊन लिंबं चिरडायची. नंतर चुरमुरे आणि हरभऱ्याची उसळ वाटतात. माझं पोस्टिंग इथे एनसीसीत आहे. गेल्या नवमीला ऑफिसातल्या सरकारी गाड्यांपासून क्लार्कच्या मोपेडपर्यंत सगळ्यांची पूजा मी मनोभावे केली. आपल्याकडे शस्त्रपूजा होतेच, त्यामुळे त्यात परकं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर माझ्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. तेल खालच्या खुणेला टेकलं होतं. शेवटचं ऑईल कधी बदललं ते वहीत पाहिलं, तर वर्ष उलटून दोन महिने झालेले. तासाभरापूर्वी याच गाडीला मी कुंकू लावलं होतं.

मंडळी, आज जे लिहिणार आहे ते थोडं घरगुती आहे. सियाचीन नाही, सीमा नाही. गाडीचं इंजिन ऑईल घरी बदलावं की नाही, एवढाच प्रश्न. माझं उत्तर आहे, बदलावं. अधिकाऱ्याने तर जरूर बदलावं. पण त्याला एक अट आहे, आणि ती अट मी स्वतः पाळली नाही म्हणून हा लेख.

फौजेत गाडीची ‘फर्स्ट परेड’ असते हे माजी सैनिकांना सांगायला नको. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी तेल, पाणी, हवा, बॅटरी, ब्रेक, खाली कुठे गळती आहे का, हे सगळं ड्रायव्हरने पाहायचं. परत आल्यावर पुन्हा पाहायचं. आठवड्याची मेंटेनन्स परेड वेगळी. मी नवा लेफ्टनंट असताना एमटीची जबाबदारी माझ्याकडे आली. खडकवासल्याला तीन वर्षं सायकल सांभाळली होती, पंक्चर झालेली सायकल खांद्यावर घेऊन धावलो होतो, त्या जोरावर वाटायचं की यंत्रातलं आपल्याला कळतं. पहिल्याच मेंटेनन्स परेडला मी एका जिप्सीजवळ उभा राहून रुबाबात विचारलं, “ऑईल चेक किया?” ईएमईचा एक जुना हवालदार शेजारी होता. त्याने डिपस्टिक काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “साब, आप बताइए.”

मी ती काठी उलटीसुलटी करून पाहिली. इंजिन नुकतंच बंद केलेलं होतं, तेल अजून वरच्या भागातून खाली उतरत होतं, त्यामुळे त्या वाचनाला काही अर्थ नव्हता. हे मला माहीत नव्हतं. त्याने माहीत असूनही चारचौघांत काही म्हटलं नाही. संध्याकाळी मात्र मला एमटीत बोलावून, बूट-गेटर काढून डांगरी घालायला लावली आणि जिप्सीखाली झोपवलं. त्या दिवशी ड्रेन प्लग सुटताना गरम तेल कोपरापर्यंत आलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गाडीचं ऑईल मी जमेल तेव्हा स्वतः बदलत आलोय.

पैसे वाचतात म्हणून करा, असं मी म्हणणार नाही. वाचतात, पण फार नाही. मला तेल आणि फिल्टर मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला. बाहेर सर्व्हिसिंगला दुप्पट लागले असते, पण त्यात ब्रेक साफ करणं, इतर तपासणी हेही आलं असतं. माझं कारण वेगळं आहे. मागच्या एका स्टेशनवर सर्व्हिस सेंटरच्या बिलात नवा ऑईल फिल्टर लावलेला होता. गाडी घरी आणून मी वाकून पाहिलं, तर फिल्टरवर आधीच्या पोस्टिंगची लाल माती जशीच्या तशी. गावाचं आणि सेंटरचं नाव घेत नाही. पण वाकून पाहायची सवय नसती, तर मला ते कधी कळलंच नसतं.

दुसरं कारण जरा नाजूक आहे आणि ते आपल्याच मंडळींसाठी आहे. रविवारी साहेबाची खासगी गाडी धुणारा, तिचं तेल बदलणारा, मेमसाहेबांना बाजारात नेणारा सरकारी माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. काहींनी ठेवलाही असेल. माझ्या ऑफिसचा ड्रायव्हर, तमिळ मुलगा, मला रस्त्यावर पाना घेऊन बसलेला पाहून कासावीस झाला. “सर, नान पण्रेन सर,” मी करतो सर, असं तीनदा म्हणाला. त्याला वाटलं माझी काहीतरी नाराजी आहे. सरकारी गाडी तुझी, ही माझी, हे त्याला पटवायला मला चहा पाजावा लागला. शिकल्यासवरल्या माणसाने हात काळे करू नयेत ही समजूत इथेही आहे आणि आपल्याकडेही. खरं तर हे गाव सरफोजी राजांचं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारा हा भोसले राजा स्वतः वैद्यकात रमायचा. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या गेल्या त्या त्याच्याच काळात. १८०५ च्या सुमारास त्याने इथे देवनागरीचा छापखाना घातला. यंत्राजवळ जायला त्याला कमीपणा वाटला असेल, असं मला वाटत नाही.

तर दिवाळीच्या आधीचा रविवार ठरला. इथे दिवाळीला पहाटे तिळाच्या तेलाने न्हातात आणि भेटेल त्याला “गंगास्नानम् आच्चा?” म्हणून विचारतात, म्हणजे गंगास्नान झालं का. तिळाच्या तेलाला नल्लेण्णै म्हणतात, चांगलं तेल. बायको म्हणाली, घरातल्यांच्या आधी गाडीचं अभ्यंगस्नान उरकून घ्या.

काम कसं करतात ते ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण यात धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली गोष्ट तेलाची निवड. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या. माझ्या गाडीला ५डब्ल्यू-३० लागतं. त्यातला ‘डब्ल्यू’ विंटरचा, थंडीचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. मागचा ३० हा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांच्या आसपास, तेल किती दाट राहतं ते सांगतो. लडाखला हिवाळ्यात पहाटे गाडी सुरू करणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांना ठाऊक आहे. तिथे पहिल्या आकड्याचा अर्थ हाडांना कळतो. तंजावरात थंडी अशी पडतच नाही, मे महिना मात्र भाजून काढतो. म्हणून इथले काही जण सांगतात, गरम गावात दाट तेल घाला. ऐकू नका. इंजिनातल्या फटी किती बारीक ठेवल्यात ते बनवणाऱ्याला माहीत आहे, आणि गावचं हवामानही त्याने पुस्तिकेत धरलेलं असतं. आणखी एक. तेल काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. काजळी पोटात धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने पाहून, दोन्हींपैकी जे आधी भरेल तेव्हा.

दुसरी गोष्ट, आणि ही हुकूम समजा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक चाक बदलण्यासाठी असतो, माणूस झाकण्यासाठी नाही. दोन मजबूत घोड्या लावा किंवा पुढची चाकं उतरत्या रॅम्पवर चढवा; मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. जमीन सपाट आणि कडक हवी. तिसरी, इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट तेल चटकन उतरतं. लांबून आलेल्या गाडीचं तेल मात्र भाजून काढतं, माझ्या कोपराला विचारा.

मग वरचं झाकण सैल करायचं, खाली भांडं ठेवायचं, ड्रेन प्लग रिंग पान्याने सैल करून शेवटचे आटे बोटांनी सोडायचे. तेल पहिल्यांदा तिरकी धार मारतं, नंतर सरळ पडतं, म्हणून भांडं थोडं पुढे ठेवा आणि नंतर मागे सरकवा. पूर्ण निथळू द्या. घाई कशाला, रविवार आहे. फिल्टर सोडवताना त्याचं जुनं रबर इंजिनाला चिकटून राहत नाही ना ते पाहा. ते तिथेच राहिलं आणि वर दुसरं बसलं की गाडी सुरू केल्याबरोबर सगळं तेल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर तेल लावा, हाताने घट्ट करा, पान्याने नव्हे. ड्रेन प्लगचा वायसर नवा घाला. दहावीस रुपयांची वस्तू आहे. प्लग आवळताना मर्दुमकी दाखवू नका. ज्यांनी चेंबरचे आटे कातरलेत त्यांनी ते अशक्तपणामुळे कातरलेले नाहीत.

नवं तेल पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, खाली वाकून गळती पाहा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ. त्याच्यावर गेलं तर जास्त झालेलं चांगलं, असं होत नाही. क्रँकशाफ्ट ते तेल घुसळते, फेस येतो आणि फेसाने यंत्र वंगण पावत नाही. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा.

एवढं सगळं मी नीट केलं. पाऊण तास लागला. आणि इथेच माझ्या मनात काम संपलं. घात तिथे झाला.

खाली भांडं म्हणून मी धुण्याचा जुना प्लास्टिकचा टब वापरला होता. त्यात तीन लिटरच्या आसपास काळं तेल. तो गाडीखालून ओढताना फाटकाच्या उंबऱ्याला अडकला, काठ वाकला आणि अर्धा लिटर तरी तेल बाहेर गल्लीत सांडलं. पुढे काय करायचं ते मला माहीत होतं. वाळू किंवा भुसा टाकायचा, तेल शोषून घेऊ द्यायचं, लगेच झाडून पोत्यात भरायचं. शेजारी बांधकामाची वाळू होती, त्यातली चार घमेली आणून टाकली. मग आंघोळ, मग जेवण, मग डोळा लागला. झाडून घेणं उद्यावर टाकलं. एमटीत एखाद्या जवानाने असं केलं असतं तर मी त्याला त्याच रात्री उठवलं असतं.

ऐप्पसी महिना चालू होता. आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमाराचा. आपल्याकडे पाऊस परत जातो तेव्हा इथे ईशान्येचा मोसमी पाऊस येतो, आणि या महिन्यातल्या न थांबणाऱ्या पावसाला इथे अडैमळै असा शब्दच आहे. त्या रात्री तो आला.

पहाटे फाटक उघडलं तर समोर शेजारच्या आजी उभ्या. या तंजावर मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांबरोबर १६७० च्या दशकात इकडे आले, असं त्यांच्या घरात सांगतात. घरात अजून मराठी बोलतात, पण ती आपल्या कानाला आधी मराठी वाटतच नाही. चाल तमिळ, मध्येच एखादा शब्द बखरीतला. मला त्या ‘तंबी’ म्हणतात, मी त्यांना आजी. त्या रोज पहाटे दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात. पाऊस असला तरी उघडीप मिळाली की काढतातच, मुंग्यांचा वाटा चुकवायचा नाही म्हणून. त्यांच्या दारासमोरून माझी वाळू वाहून गेलेली, डबक्यात मोराच्या पिसासारखे रंग, आणि दगडी पायरीवर चिकट काळा थर. त्यांनी त्यावर पीठ सोडून पाहिलं होतं. ते पांढरं राहिलं नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की हे गाडीचं का. मी हो म्हटलं. मग त्यांनी गटाराकडे बोट केलं आणि हे पाणी पुढे शेताला जातं, एवढं सांगितलं.

मी साबण आणि खराटा घेऊन पायरी घासली. नंतर छत्री घेऊन त्या रंगीत रेघेमागे चालत गेलो. गल्लीची गटार मोठ्या गटाराला मिळाली, ती नाल्याला, आणि नाला वस्ती संपते तिथे भातखाचरांकडे वळला. लावणी होऊन गेलेली, सांबा हंगामाचा भात हातभर उभा. पाण्यावरचे रंग तोवर नजरेला दिसेनासे झाले होते. दिसेनासे झाले म्हणजे संपले असं नाही, हे आपल्याला शिकवलेलं असतं. तळावर मलेरियाविरोधी मोहिमेत साचलेल्या पाण्यावर तेल टाकतात ते का? पाण्यावर त्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि डासांच्या अळ्यांचा श्वास कोंडतो. थोडं तेल खूप लांब पसरतं, यावरच तो उपाय चालतो. वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये तर त्याशिवाय झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातले विषारी पदार्थ असतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका ऑईल चेंजचं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी दूषित करू शकतं. माझं अर्धाच लिटर होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढून पाहिली. निघाली नाही.

हे कावेरीचं खोरं आहे. १९३४ मध्ये मेट्टूरचं धरण झालं आणि त्याच योजनेतला नवा कालवा तंजावर शहरातून गेला. लोक त्याला अजून ‘पुदु आरु’, नवी नदी, म्हणतात. २०२० साली तमिळनाडू सरकारने कायदा करून हा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला. तेल आणि वायूच्या नव्या विहिरींसारखे उद्योग इथे नकोत म्हणून. जमिनीखालचं तेल काढू नका म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं आंदोलन करतात, आणि मी डब्यातलं तेल विकत आणून त्यांच्या पाटात सोडतो.

आमच्या घरीही जुन्या तेलाबद्दल कुणी कधी विचार केला नव्हता. वडील सातारा जिल्ह्यात हिरो होंडाचं तेल अंगणात बदलायचे आणि निघालेलं ऑईल गोठ्याच्या खांबांना, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासायचे. उरलेलं कुंपणाच्या कडेला ओतायचे. तिथे गवत उगवत नाही याचं आम्हाला कौतुक वाटायचं. विहीर त्या कुंपणापासून वीस पावलांवर होती. वडिलांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला मात्र सांगितलं होतं. एमटीत जुन्या तेलाचं बॅरल वेगळं असतं, त्याचा हिशेब असतो. सरकारी तेलाचा थेंब मी जमिनीवर सांडू दिला नाही. स्वतःच्या गाडीचं बाहेर काढल्यावर ती शिस्त कुठे गेली?

मला जी अट म्हणायची होती ती हीच. जुनं तेल कुणाच्या हाती जाणार ते ठरवल्याशिवाय ड्रेन प्लगला पाना लावू नका. ठरत नसेल तर गाडी गुमान गॅरेजला न्या. तिथे फिल्टरच्या पैशांत फसाल कदाचित, पण तिथल्या तेलाला निदान गिऱ्हाईक असतं.

आणि त्या गिऱ्हाइकाबद्दलही बोललं पाहिजे. जुन्या तेलाला किंमत आहे. तेल झिजून संपत नाही, ते मळतं आणि त्यातली मिसळलेली रसायनं खर्ची पडतात. नीट शुद्ध केलं तर त्यापासून पुन्हा चांगलं मूळ तेल मिळतं. म्हणूनच काही भंगारवाले ते आवडीने घेतात. पण त्यांच्याकडून ते कुठे जातं? बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला, भट्टीत जाळायला. जाळलं की तेच विष पाण्याऐवजी हवेत. केंद्र सरकारने वापरलेल्या तेलासाठी नियम केले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर ते परत गोळा होऊन पुनर्शुद्धीकरणाला जाईल याची जबाबदारी टाकली आहे. चांगलं आहे. पण घरी तीन लिटरचा डबा आणणाऱ्या माणसाला याचं दार कुठे आहे? मी तेल घेतलं त्या दुकानात विचारलं. नंतर आणखी दोन दुकानांत विचारलं. विकतो, परत घेत नाही. तिघांचं उत्तर एकच, आणि तिघांनाही असा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

माझं मत असं की तेलाचा डबा जिथे विकला जातो तिथेच जुनं तेल परत घेतलं गेलं पाहिजे, त्याच डब्यातून. इनव्हर्टरची नवी बॅटरी घेताना जुनी देऊन किंमत कमी करतात ना? तसंच इथे. डबा रिकामा होतो तेव्हा त्याचं माप तंतोतंत त्या तेलाचंच असतं, बूच फिरकीचं असतं, याहून चांगलं भांडं कुठलं? दुकानदाराला थोडे पैसे मिळावेत आणि परत आणणाऱ्यालाही पन्नास रुपये सुटावेत. तोवर आपल्या कँटीनना आणि कॅन्टोन्मेंटना हे सुरू करायला काय हरकत आहे? कँटीनमधून इंजिन ऑईल आपण घेतोच. एमटीत बॅरल आहे, हिशेब ठेवणारा माणूस आहे. निवृत्त मंडळी महिन्याला कँटीनला येतातच. डिकीत एक बंद डबा आणणं अवघड नाही. कुणा स्टेशन कमांडरने हे वाचलं तर विचार करावा. कुणी आधीच करत असेल तर मला कळवा, मी सलाम ठोकून इथे लिहीन.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. वॉरंटीतली गाडी घरी उघडू नका, हे मान्य. वॉरंटी संपेपर्यंत फक्त डिपस्टिक पाहा, ती पाहायला कुणी बंदी केलेली नाही. पाठ वाकत नाही, हेही मान्य. साठी ओलांडलेल्या सरांनी गाडीखाली जाऊ नये, गॅरेजमध्ये खुर्ची टाकून समोर बसावं आणि जुना फिल्टर हातात मागून घ्यावा. सोसायटी परवानगी देत नाही, तर सोसायटीचं बरोबर आहे. आणि एकाने मला विचारलं, कर्नलसाहेब, पुढे सगळ्या गाड्या विजेवर चालणार, हे शिकून करायचं काय? त्याला मी म्हटलं, तोवर माझी चालते त्याचं बोल.

उरलेल्या तेलाची गोष्ट राहिली. टबातलं तेल मी नरसाळ्याने रिकाम्या डब्यांत भरलं, जुना फिल्टर उलटा टांगून निथळून घेतला. ऑफिसच्या ड्रायव्हरने, चहाच्या परतफेडीत असेल, एका गॅरेजचं नाव सुचवलं. त्याचे मालक साठीचे, कपाळावर विभूती. त्यांना मी आधी विचारलं की तुमचं जुनं तेल कोण नेतं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि परवानाधारक पुनर्शुद्धीकरण कारखान्याच्या पावत्या एकेक करून दाखवल्या. मागे आणखी एक कागद होता, बॅरल ठेवायच्या जागेचा, खाली सिमेंटचा कठडा बांधलेला. एवढी नीट ठेवलेली फाईल मी युनिटच्या इन्स्पेक्शनलाही नेहमी पाहिलेली नाही.

मग त्यांनी माझे डबे एकेका हातात उचलून तोलले, त्यावरचं माप वाचलं, आणि तमिळ-इंग्रजी मिसळून विचारलं, गाडीत तेल बसतं तीन लिटर, हे तर अडीचसुद्धा भरत नाही. थोडं जळलं असेल, असं त्यांनीच पुढे म्हटलं.

मी म्हटलं, जळलं नाही, आमच्या गल्लीत आहे.